शिवार आणि संसार : दिंडीचा ट्रक कसा भरावा?



ज्येष्ठ लागला की आपल्याकडे दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी वारीची. एका हाताने पाभर धरायची आणि दुसऱ्या हाताने पिशवी भरायची, असे हे दिवस. अशाच दिवसांत एका वाचकांचे पत्र आले. ते लिहितात, "आमच्या गावची दिंडी आजवर दोन छोट्या टेम्पोंवर भागवीत होती. यंदा गावातील एका बागायतदाराने आपला ट्रक वीस दिवसांसाठी दिला आहे. सामान कसे लावावे, माणसांची सोय कशी करावी, ते आपल्या सदरातून कळवावे."

शेतीच्या सदरात ट्रकचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण दिंडीतला वारकरी म्हणजे बहुतेक शेतकरीच. ट्रकमध्ये भरायचे ते धान्य आपल्याच शेतातले आणि ज्या रानात मुक्काम करायचा तेही आपल्यासारख्याच कोणाचे. शिवाय या विषयात मी एकदा चांगलाच चुकलेलो आहे. म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे.

एका संध्याकाळची गोष्ट

गोष्ट 2013 सालची. आमच्या दिंडीत तेव्हा एकशेवीस माणसे होती. मी कृषी खात्यातला, नकाशे काढणारा, हिशेब करणारा, म्हणून ट्रक भरण्याचे काम मंडळींनी माझ्यावर सोपवले. मी विचार केला, राहुट्या जड आणि मजबूत, त्या खाली घालाव्यात. त्यांवर धान्याची पोती, त्यांवर भांडी आणि सर्वांत वर माणसांच्या पिशव्या. ट्रक भरून झाल्यावर तो असा नेटका दिसू लागला की मी स्वतःवरच खूश झालो.

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा. सुमारे तीस किलोमीटरची चाल आणि मध्ये दिवे घाट. माणसे संध्याकाळी मुक्कामावर आली ती पाय ओढीतच आली आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. राहुट्या तर ट्रकच्या तळाशी! त्या काढायच्या तर आधी पिशव्या, मग भांडी, मग पोती खाली घ्यावी लागणार. ती ठेवायची कोठे? चिखलात. पहिली राहुटी उभी राहायला दोन तास लागले. तोवर दीड पोते पीठ भिजून त्याचा गोळा झाला होता आणि म्हातारी माणसे घोंगड्या डोक्यावर घेऊन पावसात बसली होती.

त्यांत माझी आत्या होती. वय सत्तरीच्या पुढे, वारीचे पंचविसावे की सव्विसावे वर्ष. रात्री तिला हुडहुडी भरली. जेजुरीला डॉक्टरांनी पुढे चालू नका म्हणून सांगितले आणि मी तिला एसटीत बसवून घरी पाठवले. ती मला एक शब्दही बोलली नाही. फक्त म्हणाली, "माझा नमस्कार सांग पांडुरंगाला." पुढच्या वर्षी तिचे पाय चालले नाहीत. तिची वारी तेथेच थांबली, आणि ती माझ्या ट्रक भरण्यामुळे थांबली, हे मी विसरू शकत नाही.

घरी आल्यावर सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, "अहो, सामान किती मावतं हे तुम्ही पाहिलंत. आधी काय लागणार हे कुठं पाहिलंत? आम्ही बायका माहेरी जाताना पिशवी भरतो, तेव्हा पोराचं दुपटं वर ठेवतो, लुगडी खाली." सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याचाच विस्तार समजा.

पहिला तास ओळखा

मुक्कामावर ट्रक थांबल्यापासूनचा पहिला तास डोळ्यांपुढे आणा. काय लागते? प्रथम राहुट्या, काठ्या, मेखा आणि घण. मग चहा. मग प्यायचे पाणी. मग माणसांच्या वळकट्या. त्यानंतर स्वयंपाकाची भांडी आणि त्या रात्रीचा शिधा. उद्याचे आणि परवाचे धान्य या तासात कोणीही मागत नाही.

तर नियम असा की, उतरताना जे पहिले लागते ते चढवताना शेवटी चढवावे. म्हणजे राहुट्या आणि चहाची पेटी मागच्या फाळक्याजवळ आणि राखीव धान्य केबिनच्या बाजूला. राहुट्यांवर दुसरे काहीही ठेवू नये. मेखा आणि घण यांची एक स्वतंत्र लोखंडी पेटी करावी आणि ती फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यातच ठेवावी, रोज तेथेच. मेखा सापडत नाहीत म्हणून अर्धा तास ओरडाआरडा चालू आहे, हे दृश्य कोणत्या दिंडीने पाहिले नाही?

चहाच्या पेटीत एक शेगडी, मोठे पातेले, साखर, चहा, दुधाची पावडर, गाळणे, काड्यापेटी डब्यात बंद करून आणि एक बॅटरी असावी. या पेटीला रोजच्या कोठीशी संबंध ठेवू नये. भिजून आलेल्या माणसाला अर्ध्या तासात घोटभर गरम चहा मिळाला तर निम्मे आजार तेथेच टळतात.

अंगणात ट्रक आखा

आम्ही शेतकऱ्यांना प्रात्यक्षिक दाखवतो तसेच हे करा. निघण्याच्या चार दिवस आधी देवळापुढच्या अंगणात फक्कीने ट्रकची जमीन खऱ्या मापात आखा. आमच्या ट्रकची आतली लांबी सतरा फूट आणि रुंदी सात फूट होती. तुमच्या ट्रकची टेप लावून मोजा. मग ज्या त्या वस्तू त्या आखणीत मांडून पाहा. कागदावर सगळे मावते, अंगणात मावत नाही, आणि ते निघायच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आखणीचे तीन भाग करा. पुढचा भाग केबिनला लागून. त्यात पाण्याची टाकी आणि राखीव धान्य. मधल्या भागात दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे कप्पे, त्यांत माणसांचे सामान राहुटीच्या क्रमाने, आणि मध्ये दीड फुटाची वाट मोकळी. मागच्या भागात एका बाजूला राहुट्या आणि दुसऱ्या बाजूला रोजची कोठी व भांडी. बांबू किंवा पाइप बाजूच्या फळीला समांतर बांधून टाकावेत.

मधली वाट पाहून कोणीतरी म्हणेलच की, "एवढी जागा फुकट घालवता?" त्यांना सांगा, ही जागा फुकट नाही. या वाटेनेच हात आतपर्यंत पोचतो. वाट बुजली की पुन्हा सगळा ट्रक उपसणे आले.

वजनाचा हिशेब

एकशेवीस माणसांचा आमचा हिशेब नमुन्यासाठी देतो. आपापल्या दिंडीप्रमाणे तो कमी-जास्त करावा.

1) पीठ आणि तांदूळ : माणशी रोज अर्धा किलो, नऊ दिवसांचे : 540 किलो
2) डाळ, तेल, गूळ, साखर, मसाला, कांदे-बटाटे : 260 किलो
3) भांडी व शेगड्या : 300 किलो
4) गॅसच्या चार टाक्या : 150 किलो
5) बारा राहुट्या, काठ्या, मेखा : 500 किलो
6) माणसांचे सामान, माणशी 10 किलो : 1200 किलो
7) पाणी, 500 लिटर : 500 किलो

एकूण 3450 किलो, म्हणजे साडेचौतीस क्विंटल. ट्रकच्या कागदपत्रांत किती वजनाचे पासिंग आहे ते पाहावे आणि त्याच्या आतच राहावे.

या यादीत सर्वांत मोठा आकडा कोणता ते पाहा. धान्याचा नव्हे, माणसांच्या सामानाचा! 2013 साली परत आल्यावर आम्ही अंदाज काढला, तेव्हा माणशी सरासरी सोळा किलो सामान होते. म्हणजे 1920 किलो. माणशी दहा किलोची मर्यादा घातल्याबरोबर सात क्विंटल वजन कमी झाले आणि मधली वाट त्यातूनच निघाली. निघण्याच्या आदल्या दिवशी देवळात तराजू लावा आणि प्रत्येकाचे सामान मोजा. सरपंचांचेही मोजा. एका पिशवीला सूट दिली की पुढच्या शंभर पिशव्या सूट मागतात.

धान्य नऊ दिवसांचेच घेतले आहे, हेही लक्षात आले असेल. आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण अठरा ते वीस दिवसांची. निम्मा शिधा गावाकडून मागाहून फलटणला पोचवावा किंवा तेथे खरेदी करावा. पावसाळी हवेत वीस दिवसांचे पीठ बाळगण्यात शहाणपण नाही. बाजरीचे पीठ तर मुळीच नेऊ नये. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने दळल्यावर ते पीठ आठ-दहा दिवसांत कडू होते. ज्वारीचे आणि गव्हाचे पीठ त्या मानाने टिकते.

जड वस्तू नेहमी खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे असाव्यात. मागच्या चाकांच्या पलीकडे फार वजन गेले तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट धरत नाही. जड वस्तू वर गेल्या तर वळणावर ट्रक कलतो. पाण्याची टाकी एक तर पूर्ण भरलेली असावी किंवा रिकामी असावी. अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते आणि घाटाच्या वळणावर ते सगळे वजन एकाच बाजूला धावते. मुक्कामाजवळ पाणी मिळणार असेल तर टाकी रिकामी करूनच घाट चढावा. पिण्यापुरते पाणी कॅनमध्ये वेगळे असावे.

पिशव्यांना राहुटीच्या क्रमांकाची चिंधी बांधा, प्रत्येक राहुटीला वेगळा रंग. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही "माझी लाल चिंधी" हे कळते. हिरवी चिंधी हिरव्या राहुटीपुढे टाकली की झाले. मग कोणी कोणाची वळकटी शोधत फिरत नाही.

विषाची गोष्ट

आता जे लिहितो ते नीट वाचा आणि दिंडीच्या सगळ्या मंडळींना वाचून दाखवा.

गावातला ट्रक एरवी काय वाहतो? खत, कीटकनाशकांची खोकी, तणनाशकांचे डबे. त्यातले काही सांडलेले असते आणि फळ्यांच्या सांध्यांत मुरलेले असते. म्हणून दिंडीसाठी ट्रक घेतला की मालकाला आधी विचारा, गेल्या महिनाभरात काय वाहिले? मग जमीन घासून, भरपूर पाण्याने धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. त्यानंतर लाकडी फळ्या टाकून त्यांवर स्वच्छ ताडपत्री अंथरा. धान्याचे पोते ट्रकच्या जमिनीला टेकता कामा नये. यात ओलीपासूनही बचाव होतो.

दुसरी गोष्ट धान्यात ठेवायच्या गोळ्यांची. कीड लागू नये म्हणून काही लोक पोत्यांमध्ये अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. आता विचार करा, पावसाळी रात्र, ताडपत्रीने बंद केलेला ट्रक, आत ही पोती आणि त्यांवर झोपलेली दोन पोरे. सकाळी ती उठणार नाहीत. या गोळ्या वापरण्याची परवानगी फक्त सरकारी यंत्रणेला आणि प्रशिक्षित परवानाधारकांनाच आहे, ती याचसाठी. दिंडीच्या ट्रकमध्ये अशी गोळी येता कामा नये.

आणि तिची गरजही नाही. सोंडकिडीची अंड्यापासून किड्यापर्यंत वाढ व्हायला साधारण महिनाभर लागतो. धान्य चाळून, निवडून, दोन-तीन उन्हे देऊन कोरडे भरले तर वारी संपेपर्यंत कीड डोके वर काढत नाही. कोणी आपल्या घरचे पोते आणून दिले तर ते उघडून, पाहून, ओतून घ्या. "यात काही टाकले आहे का?" हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. दानाचे पोते तपासले म्हणून दात्याचा अपमान होत नाही.

गॅस, झोप आणि तारा

गॅसच्या टाक्या नेहमी उभ्या आणि साखळीने बांधलेल्या असाव्यात. 19 किलो गॅस असलेली भरलेली टाकी रिकाम्या टाकीच्या वजनासह 38 किलोच्या आसपास भरते. घाटात ती घरंगळली तर पाय मोडते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाही, ट्रकच्या जमिनीवर साचून राहतो. म्हणून टाक्या बंद ट्रकच्या पोटात ठेवू नयेत. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून, हवा खेळेल अशा ठेवाव्यात. मुक्कामावर त्या प्रथम खाली घ्याव्यात. वास आला तर काडी ओढू नये आणि दिव्याचे बटणही दाबू नये.

माणसांची सोय करायची ती ट्रक उभा असताना. मालाच्या ट्रकमध्ये माणसे बसवून नेणे कायद्याने मना आहे आणि ते योग्यच आहे. आजारी माणसासाठी वेगळी जीप किंवा रुग्णवाहिका पाहावी. मात्र मुक्कामावर राहुट्या आणि गॅस उतरले की ट्रकचा मागचा भाग मोकळा होतो. तेथे सतरंजी टाकून वर ताडपत्री ओढली की चार-पाच आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांना कोरडी जागा मिळते. बाजू उघड्या ठेवाव्यात, वारा खेळला पाहिजे. ट्रकची जमीन चार फूट उंच असते. त्यासाठी तीन पायऱ्यांची लाकडी घडवंची सुताराकडून करून घ्या. आम्ही ती केली त्या वर्षी एका आजींनी तिला हात लावून नमस्कार केला होता.

बायकांसाठी ट्रकची एक बाजू राखून ठेवा. बाजूच्या फळीपासून चार बांबूंवर जाड ताडपत्री लावली की कपडे बदलायला आणि अंघोळीला आडोसा होतो. वारीत बायका मोठ्या संख्येने असल्या तरी हा आडोसा पुष्कळ ठिकाणी सर्वांत शेवटी आठवतो. तो राहुट्यांबरोबरच उभा राहिला पाहिजे.

ट्रकच्या खाली कोणी झोपू नये. पाऊस आला की पोरे तेथे शिरतात आणि पहाटे अंधारात ड्रायव्हर गाडी सुरू करतो. रात्री चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि सकाळी गाडी हलण्याआधी एका माणसाने कंदील किंवा बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे, हा रोजचा नेम करावा. राहुटीच्या लोखंडी पाइपा उभ्या करताना डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, तेही पाहावे.

ज्याचे रान त्याचा मान

ट्रक उभा करण्याची जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. मुरमाड आणि चढाची जागा उत्तम. काळ्या रानात पाऊस पडला की माती फुगते, चिकट होते आणि भरला ट्रक रुततो. सासवड-जेजुरीकडे मुरूम सापडतो, पुढे नीरेच्या खोऱ्यात काळी जमीन लागते, तेव्हा अधिक जपावे. तेथे ट्रक रस्त्याच्या कडेला कठीण जागेवरच ठेवावा, मग सामान पन्नास पावले वाहून न्यावे लागले तरी चालेल.

ते रान कोणाचे तरी आहे, हे आपण शेतकऱ्यांनी तरी विसरू नये. ओल्या रानात ट्रकचे चाक गेले की माती दबून दगडासारखी होते आणि त्या पट्ट्यात वर्षभर पीक खुरटते. परवानगी घेऊनच उतरावे. राहुटीभोवती काढलेला चर निघताना बुजवावा. पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले एका पोत्यात गोळा करून न्यावेत. मागे राहिलेले प्लॅस्टिक त्या घरच्या गाईच्या पोटात जाते.

राहुट्या शक्यतो वाळवूनच घडी कराव्यात. ओले कापड जड होते आणि दोन दिवसांत त्याला बुरशी धरते. ओल्याच भरणे भाग पडले तर त्या वेगळ्या बांधाव्यात आणि ऊन पडेल तेथे आधी त्या पसराव्यात. वारी संपल्यावर तर हे विसरूच नये. 2020 आणि 2021 साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. 2022 साली आम्ही राहुट्या बाहेर काढल्या तेव्हा बारापैकी पाच उंदरांनी कुरतडल्या होत्या. आता आम्ही त्या वासाला टांगून ठेवतो.

शेवटी एक सांगतो. ट्रक लावणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही आणि ते घेण्याचे कारणही नाही. पताका पुढे असतात, मृदंग मध्ये असतो, ट्रक तर आडवाटेने पुढे निघून गेलेला असतो. पण पावसाच्या संध्याकाळी दिंडी मुक्कामावर आली, राहुट्या उभ्या आहेत, चहा उकळतो आहे आणि थकलेली आजी आपली लाल चिंधी ओळखून कोरड्या जागी टेकली, तर ट्रक नीट भरला असे समजावे. आम्ही आता दर वर्षी पहिली राहुटी उभी करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहतो. गेल्या वर्षी बारा मिनिटे लागली.

पत्रलेखक बंधूंनी आपला ट्रक कसा लावला, काय चुकले, काय नवे सुचले, ते वारीहून आल्यावर अवश्य कळवावे. आणि निघण्याआधी पेरणी उरकली नसेल तर घरच्यांवर टाकून जाऊ नका. वाफसा आला की आधी पाभर धरा, मागाहून गाडी धरून दिंडी गाठता येईल.

राम कृष्ण हरी!